‘स्पेनचे व्हर्साय’ हे बिरुद आता पुरे

१/ ला ग्रान्हा दे सान इल्देफोन्सो हे माद्रिदच्या उत्तरेस, ग्वादार्रामा पर्वताच्या सेगोव्हियाकडील उतारावर वसलेले गाव. येथे राजवाडा आहे, उद्याने आहेत आणि काचेचा शाही कारखानाही आहे. या साऱ्याची बोळवण नेहमी दोनच शब्दांत होते : ‘स्पेनचे व्हर्साय’. हे अर्धसत्य आहे आणि उरलेले अर्धे सत्यच अधिक मोलाचे आहे. त्यासाठी हा धागा.

२/ बिरुदाचे मूळ उघड आहे. पाचवा फिलिप हा चौदाव्या लुईचा नातू, व्हर्सायच्या संस्कारांत वाढलेला. १७२० मध्ये त्याने ही जागा हिएरोनिमाइट पंथाच्या साधूंकडून घेतली, १७२१ मध्ये बांधकाम आरंभले आणि फ्रेंच शिल्पकार व उद्यानतज्ज्ञ पाचारण केले. येथवर तुलना रास्त आहे.

३/ आता पाणी पाहा. व्हर्सायसाठी सेन नदीचे पाणी मार्लीच्या अजस्र यंत्राने वर चढवावे लागले. ला ग्रान्हाच्या कारंज्यांना उपसा लागत नाही. उद्यानाच्या माथ्यावर ‘एल मार’, म्हणजे ‘समुद्र’, नावाचा तलाव आहे. पर्वताचे पाणी त्यात साठते आणि केवळ उताराच्या बळावर नळांतून उसळते. ‘कीर्ती’ या कारंज्याची धार सुमारे ४० मीटर उंच जाते. हे श्रेय पर्वताचे आणि त्याचा उतार ओळखून नळ टाकणाऱ्यांचे आहे.

४/ कारंज्यांवरील मूर्ती कांस्याच्या भासतात. प्रत्यक्षात त्या शिशाच्या आहेत. वर कांस्याचा आभास देणारा रंग चढवलेला आहे. राजवैभवाच्या वरच्या थरावर विसंबू नये, हे उद्यानच सांगते.

५/ आणि काच? १७२७ च्या सुमारास व्हेन्तुरा सित या कातालान कारागिराने येथे काम मांडले. राजवाड्याला आरसे, तावदाने आणि झुंबरे हवी होती. शिवाय परदेशी काचेपायी बाहेर जाणारा पैसाही रोखायचा होता. पुढे हॅनोव्हरहून आलेल्या सिगिस्मुंड ब्रुनने काचेवरील सोनेरी नक्षी अग्नीने पक्की करण्याची कला येथे रुजवली. दालनांतील झगमगाटामागे ही माणसे आहेत.

६/ त्या झगमगाटाची किंमतही मोजू. काचेची भट्टी दिवसरात्र धगधगत ठेवावी लागते. तिला हवे लाकूड आणि शेजारी वाल्साइनचे पाइनवन. १७६१ मध्ये तिसऱ्या कार्लोसने ते वन सेगोव्हियाच्या नगर-ग्रामसमुदायाकडून विकत घेतले. आरशामागे त्या काळी कथलाचा पातळ पत्रा आणि विषारी पारा असे. स्पेनमध्ये पाऱ्याची मोठी खाण अल्मादेनची. ती राजसत्तेच्या ताब्यात होती आणि अठराव्या शतकात तेथे शिक्षा झालेले कैदी राबवले जात. अशा आरशात राजाचे मुख दिसते. पारा हाताळणारे हात दिसत नाहीत.

७/ १७७० मध्ये कारखान्याला आग लागली आणि त्यानंतर तो गावकुसाबाहेरील विस्तीर्ण वास्तूत गेला. ‘स्पेनचे व्हर्साय’ म्हणणाऱ्यांनी त्याला कथेच्याही कुसाबाहेर ठेवले.

८/ यावर ठरलेला आक्षेप येतो : राजाश्रय नसता तर ही कला उभीच राहिली नसती. त्यात तथ्य आहे. कारखाना स्वतःच्या नफ्यावर तगला नाही, तिजोरीने तो पोसला. पण तिजोरी म्हणजे राजाची रसिकता नव्हे. तीत प्रजेचे कर होते. शिवाय पैसा कारागिराला वेतन देतो. वितळलेला गोळा नळीच्या टोकावर नेमका किती फिरवायचा, हे ज्ञान त्याला देत नाही. ‘राजाने घडवले’ या वाक्यात कर्ता चुकलेला आहे.

९/ आज त्याच इमारतीत संग्रहालय आहे आणि भट्टीपाशी कारागीर अजूनही काच फुंकतात. राजवाड्यात दरबार भरत नाही, येथे काम मात्र चालू आहे. म्हणून कधी ला ग्रान्हाला गेलात तर प्रथम भट्टी पाहा, मग उद्यान, शेवटी दालने. त्या क्रमाने गेल्यास झुंबराखाली उभे राहताना पहिला प्रश्न ‘कोणाचे?’ असा न येता ‘कोणी केले, कशापासून आणि कोणाच्या पैशाने?’ असा येईल. इतिहासाच्या विद्यार्थ्याने राजवाड्यात जायचे ते हे प्रश्न घेऊनच.