अळीची शेंग आणि घरचे ताट

हिवाळ्यात बंगळूरच्या बसवनगुडीतील गांधी बाजारात ‘अवरेकाई’, म्हणजेच पावट्याच्या शेंगांचे ढीग लागतात. भिजवून सोललेल्या दाण्यांचे तेथील सारू आणि कोकणातील वालाचे बिरडे ही सख्खी भावंडेच. घरातील लहानथोरांच्या आवडीची. मात्र किडकी शेंग दिसली की भाव पडतो, म्हणून तोडणीच्या तोंडावरही फवारणीचा मोह होतो. अळी सोलताना दिसते, वेचता येते. कीटकनाशकाचा अंश दिसत नाही. म्हणून फुलोऱ्यापासूनच हेक्टरी ५ कामगंध सापळे, पक्षिथांबे व ५ टक्के निंबोळी अर्क यांवर भर द्यावा. रासायनिक फवारणी केलीच, तर लेबलवरील प्रतीक्षा कालावधी संपल्याशिवाय तोडणी करू नये. विस्तार कार्यकर्त्यांनी ग्राहकांनाही समजवावे : चार किडक्या शेंगा वेचून टाकता येतात, घासातील अंश नाही.