पागेतील विद्यार्थी

घोडेस्वारी हा श्रीमंतांचा छंद, अशी सर्वसाधारण समजूत आहे. आणि ती अगदीच निराधार नाही. घोडा विकत घ्यावा लागतो, त्याला रोज चंदी-वैरण लागते, नालबंद व पशुवैद्य यांचा खर्च वेगळाच. मग ज्याच्या घरी पैसा नाही, त्याने या क्षेत्राकडे पाहूच नये काय?

इंग्लंड-अमेरिकेत या प्रश्नाला एक उत्तर आहे : श्रमाच्या मोबदल्यात शिक्षण. तेथील अनेक तबेल्यांत असे श्रमिक विद्यार्थी आढळतात. लीद काढणे, पेंढा अंथरणे, चंदी देणे, खरारा करणे, खोगीर व लगाम स्वच्छ ठेवणे ही त्यांची कामे. त्याबद्दल त्यांना स्वारीचे धडे मिळतात. कित्येक ठिकाणी निवाराही मिळतो.

ही कामे हलकी मानणे योग्य नव्हे. खरारा करताना हात घोड्याच्या अंगावरून फिरतो, तेव्हाच पायावरची सूज ध्यानात येते. घोड्याला ओकारी होत नाही. त्यामुळे पोटशूळ त्याच्या जिवावर बेतू शकतो. त्याने चंदी शिल्लक ठेवली, हे प्रथम कळते ते रोज चंदी घालणाऱ्यालाच. हे ज्ञान केवळ खोगिरावर बसून मिळत नाही.

मात्र या व्यवस्थेला दुसरीही बाजू आहे. काम रोजचे, पण धडा सवडीनुसार, असे झाले की विद्यार्थी केवळ बिनपगारी नोकर उरतो. शिवाय विनावेतन राहणे ज्याला परवडते, तोच तेथे टिकतो. म्हणजे गरिबासाठी उघडलेले दार त्याच्याच तोंडावर मिटते. जर्मनीत अश्वव्यवसायाचे प्रशिक्षण हा ३ वर्षांचा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आहे; उमेदवाराला विद्यावेतन मिळते आणि शेवटी परीक्षा होते. भारतातही १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याने विद्यावेतनाचे तत्त्व मान्य केले आहे. पागेला ते परके का असावे?

२०२३ साली हांगझोऊ येथील आशियाई क्रीडास्पर्धांत भारतीय संघाने ड्रेसेज प्रकारात सुवर्णपदक मिळवले. अश्वारोहणातील हे सुवर्ण ४१ वर्षांनी आले. त्यासाठी स्वारांना युरोपात प्रशिक्षण घ्यावे लागले होते. असे यश मोजक्या घरांपुरते राहू नये, असे वाटत असेल, तर देशातील पागांनी श्रम करणाऱ्या होतकरूंना न्याय्य अटींवर शिकवले पाहिजे. कामाचे तास किती, आठवड्यात धडे किती, शिकवणार कोण, अपघात झाल्यास खर्च कोणाचा, हे आधीच लेखी ठरावे. श्रमाची लाज विद्यार्थ्याने बाळगू नये, हे खरे. पण त्या श्रमाचे मोल चुकवण्यात मालकानेही कसूर करू नये.