आकड्याआधी कारण

१९५३ सालच्या झुरिच कँडिडेट्स बुद्धिबळ स्पर्धेतला रेशेव्हस्की–पेट्रोस्यान हा डाव प्रत्येक प्रशिक्षकाने वर्गात एकदा तरी मांडावा. पांढऱ्याची मधली प्यादी पुढे सरकायच्या तयारीत, काळ्याचे हत्ती बचावाला जुंपलेले. पंचविसाव्या चालीला पेट्रोस्यानने ई७ वरचा हत्ती ई६ वर ठेवला, थेट उंटाच्या माऱ्यात. त्याच्या सी६ वरच्या घोड्याला डी५ हे घर हवे होते आणि तिकडची वाट ई७ वरून जात होती. ती त्याच्याच हत्तीने अडवली होती. पांढऱ्याने उंट देऊन हत्ती घेतला, घोडा डी५ वर पक्का बसला, त्याला हुसकावायला पांढऱ्याकडे प्यादे नव्हते. मधली प्यादी थांबली आणि ४१व्या चालीला डाव बरोबरीत सुटला.

प्याद्याचा एक, घोडा-उंटाचे तीन, हत्तीचे पाच हा हिशेब आपण सुरुवातीलाच शिकवतो, आणि तो शिकवायलाच हवा. पेट्रोस्यानची ती चाल मात्र या हिशेबात बसत नाही. पुष्कळ मुले पुढेही तेवढ्यावरच खेळतात. मोहऱ्याची किंमत ते कुठल्या घरात आहे यावर ठरते, हे त्यांना कुणी पटावर दाखवलेले नसते.

संगणकावरच्या बुद्धिबळ इंजिनने ही उणीव भरून निघत नाही. पांढरा थोडा वरचढ असल्याचे सांगणारा अधिक ०.७ हा आकडा दोन्ही बाजू अचूक खेळतील असे धरून असतो, आणि त्यामागचे कारण इंजिन सांगत नाही. शून्य, म्हणजे बरोबरी, दाखवलेल्या स्थितीत एका बाजूला एकच चाल वाचवणारी असू शकते. त्या बाजूने खेळणाऱ्या चौदा वर्षांच्या मुलीसाठी ती स्थिती बरोबरीची नाही. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांच्या १९४६च्या प्रबंधात दिसले, की ग्रँडमास्टर इतर चांगल्या खेळाडूंपेक्षा फार खोल मोजत नाहीत. पटावरचे महत्त्वाचे त्यांना आधी दिसते.

ही नजर सरावाने येते. गाजलेल्या डावातली स्थिती द्या आणि विद्यार्थ्याला लिहायला लावा: कोण वरचढ, कशामुळे, कुणाचे कुठले मोहरे सर्वांत निकामी, कुठले प्यादे पुढे ढकलायचे. मारामारी चालू असेल तर ती संपेपर्यंत चाली मोजून मगच मत द्यायचे. अर्धवट देवाणघेवाणीवरचे मत हमखास चुकते. मग तीच स्थिती दोन्ही बाजूंनी खेळवा, कारण आपल्या बाजूला झुकते माप देण्याची सवय त्याशिवाय जात नाही. इंजिन सर्वांत शेवटी.

प्रशिक्षक मित्रहो, पुढच्या स्पर्धेत विद्यार्थी डाव संपवून बाहेर आला की मोबाइल खिशातच राहू द्या आणि त्याचे मत आधी ऐका.