टीप द्या, पण कुणाला?

बर्थडे पार्टी संपते, बिल येतं आणि ग्रुपमध्ये टीटीएमएमचा हिशोब सुरू होतो. तेवढ्यात खालच्या ओळीकडे लक्ष जातं: सर्व्हिस चार्ज १० टक्के. 'म्हणजे टीप यातच आली की!' असं म्हणून तुम्ही उठता. घोळ इथेच होतो.

हा चार्ज म्हणजे टॅक्स नाही. तो रेस्टॉरंटकडे जमा होतो. त्यातलं वेटरला किती द्यायचं, हे मालक ठरवतो. हजाराच्या बिलावर १०० रुपये चार्ज, मग त्या अकराशेवर ५ टक्के जीएसटी, असे ११५५ रुपये होतात. चार्ज काढला तर १०५०! केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं, की हा चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही. रेस्टॉरंटवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही प्राधिकरणाचंच म्हणणं उचलून धरलं. तेव्हा चार्ज काढायला बिनधास्त सांगा. नाहीच ऐकलं, तर १९१५ ही ग्राहक हेल्पलाइन आहे.

पण वाचलेले १०५ रुपये खिशात घालून निघू नका. निदान निम्मे वेटरच्या हातात द्या, तेही रोख. काउंटरवरच्या क्यूआरवर टाकलेली टीप पुन्हा मालकाच्याच खात्यात जाते. वेटर उद्धट वागला, तर खुशाल देऊ नका. पण ऑर्डर उशिरा आली, भाजी खारट झाली, तर चूक किचनची. त्याची शिक्षा वेटरला कशाला?