अखेरचे इच्छापत्र आणि बिलाचा आकडा

सन्मानाने मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या २१ व्या कलमातच सामावलेला आहे, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ९ मार्च २०१८ रोजी दिला. बरे होण्याची आशा मावळल्यावर यंत्रांच्या आधाराने आपल्याला जगवू नये, असे वैद्यकीय इच्छापत्र कोणाही सज्ञान व्यक्तीला शुद्धीवर असताना करून ठेवता येते. त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याची सही हवी, या अटीमुळे हा हक्क जवळजवळ कागदावरच राहिला होता. २४ जानेवारी २०२३ रोजी ती अट गेली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत. उपचार थांबवण्यापूर्वी डॉक्टरांच्या दोन मंडळांची संमती मात्र लागते.

या सुधारणेचे आम्ही स्वागत करतो. परंतु हा हक्क बजावणार कोण?

या वादाचे मूळ मुंबई महापालिकेच्या के. ई. एम. रुग्णालयात आहे. १९७३ मधील अमानुष हल्ल्यानंतर परिचारिका अरुणा शानबाग यांची शुश्रूषा तेथील परिचारिकांनी २०१५ पर्यंत, म्हणजे सुमारे ४२ वर्षे केली. त्यांना मरण द्यावे ही याचिका २०११ साली फेटाळली गेली, त्यात या परिचारिकांच्या विरोधाला मोठे वजन होते. कोणाची बाजू बरोबर होती, याबद्दल आजही मतभेद संभवतात. तथापि, हा प्रश्न तेथे निखळ नैतिक प्रश्न म्हणून विचारता आला, कारण मध्ये बिलाचा आकडा नव्हता.

खासगी अतिदक्षता विभागात तो असतो. पैसा आहे तोवर व्हेंटिलेटर निघत नाही. पैसा संपला की नातेवाईक ‘स्वतःच्या जबाबदारीवर’ सही करून रुग्णाला घरी नेतात. अर्थशास्त्राच्या पाठ्यपुस्तकातील ग्राहक निवड करतो. (आम्हीही वर्षानुवर्षे तेच शिकवले.) दाराबाहेर बाकावर बसलेला, शेत गहाण टाकून आलेला मुलगा कसली निवड करतो? रुग्णाची इच्छा तर कोणी विचारलेलीच नसते.

उपचार नाकारणाऱ्याला वेदनाशमन नाकारले जाता कामा नये. केरळने २००८ साली परिहार सेवेचे धोरण स्वीकारून पंचायतींमार्फत घरोघरी परिचारिका पाठवल्या. महाराष्ट्रात इच्छापत्राचा सोपा मराठी नमुना प्रत्येक ग्रामपंचायतीत, ते जपणारा जबाबदार अधिकारी प्रत्येक स्थानिक संस्थेत आणि मॉर्फिन देऊ शकणारा डॉक्टर प्रत्येक तालुक्याच्या सरकारी रुग्णालयात हवा. त्यासाठीची तरतूद आम्हाला येत्या अर्थसंकल्पात, स्वतंत्र शीर्षाखाली, पाहावयाची आहे.