फ्री किकची दोन रूपे आणि पंचाची एक खूण

भारतीय फुटबॉलमध्ये अलीकडच्या काळात ज्या निर्णयावरून सर्वाधिक वाद झाला, तो एका फ्री किकचा होता. ३ मार्च २०२३ रोजी बंगळुरूच्या श्री कंठीरव स्टेडियमवर इंडियन सुपर लीगच्या बाद फेरीत बंगळुरू एफसी आणि केरळ ब्लास्टर्स हे संघ भिडले. ९० मिनिटे गोलशून्य गेली. जादा वेळेच्या सहाव्या मिनिटाला पेनल्टी क्षेत्राजवळ बंगळुरूला फ्री किक मिळाली. केरळचा गोलरक्षक प्रभसुखन गिल भिंत लावण्यात गुंतलेला असताना सुनील छेत्रीने शिट्टीची वाट न पाहता चेंडू जाळ्यात धाडला. पंच क्रिस्टल जॉन यांनी गोल दिला. केरळचे प्रशिक्षक इव्हान वुकोमानोविच यांनी संघाला मैदानाबाहेर बोलावून घेतले आणि संघ परतलाच नाही.

सामना बंगळुरूला बहाल झाला. ब्लास्टर्सची फेरसामन्याची मागणी फेटाळली गेली. मार्चअखेरीस अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या शिस्तपालन समितीने क्लबला ४ कोटी रुपये दंड केला, प्रशिक्षकांवर १० सामन्यांची बंदी घातली आणि त्यांना ५ लाखांचा दंडही ठोठावला. दोघांनाही जाहीर माफी मागावी लागली. तो एक गोल घेऊन बंगळुरू पुढे गेला, उपांत्य फेरीत मुंबई सिटीला पेनल्टी शूटआउटमध्ये हरवून फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात पोहोचला आणि तिथे पेनल्टींवरच मोहन बागानकडून हरला.

कागदोपत्री प्रकरण मिटले, चाहत्यांमधला वाद मात्र अजून चालू आहे. कोल्हापूरचे शाहू स्टेडियम असो, मुंबईचे कूपरेज असो की गोव्यातले एखादे गावचे मैदान. झटपट घेतलेल्या फ्री किकवर गोल झाला की प्रेक्षकांतून तेच प्रश्न उठतात. या मासिकाचे बहुतांश वाचक पंच आणि प्रशिक्षक आहेत. आपल्यापैकी अनेकजण अशा वेळी ‘लोकांना नियम कळत नाहीत’ असे म्हणून विषय सोडून देतात. आमच्या मते ही पळवाट आहे. चाहत्यांचे प्रश्न नीट ऐकले, तर त्यांतले काही नियमांच्या अपुऱ्या माहितीतून आलेले आहेत आणि एक प्रश्न थेट आपल्या कामातल्या उणिवेवर बोट ठेवणारा आहे. दोन्ही वेगळे काढले पाहिजेत.

पहिला प्रश्न शिट्टीचा. शिट्टी न वाजता किक घेतली, मग गोल कसा? नियम ५ नुसार बहुतेक फ्री किकसाठी शिट्टीची गरजच नसते. ती लागते ठरावीक प्रसंगी. बचाव करणाऱ्या संघाला अंतरावर मागे न्यायचे असेल, खेळाडूला कार्ड दाखवले असेल, दुखापतीमुळे खेळ थांबला असेल किंवा बदली खेळाडू आत येत असेल, तेव्हा पंचाच्या शिट्टीवाचून खेळ सुरू होत नाही. एरवी चेंडू स्थिर असला, योग्य जागी असला, की किक घेता येते.

दुसरा प्रश्न अंतराचा. प्रतिस्पर्धी ९.१५ मीटरवर गेले नव्हते, मग किक वैध कशी? हे अंतर ज्याच्यावर फाउल झाला त्या संघाच्या सोयीसाठी आहे. त्याला ते नको असेल, तर तो लगेच किक घेऊ शकतो. मात्र ती घेताना जवळच्या प्रतिस्पर्ध्याच्या पायात चेंडू गेला, तर पंच खेळ चालू ठेवतो आणि घाईचा तोटा किक घेणाऱ्याने सोसायचा असतो. याच ठिकाणी आपल्या अनेक पंचांची गल्लत होते. जवळ उभ्या असलेल्या खेळाडूने आलेला चेंडू अडवणे वेगळे आणि किक घेऊच नये म्हणून मुद्दाम चेंडूसमोर जाऊन उभे राहणे वेगळे. दुसऱ्या प्रकाराला नियम १३ पिवळे कार्ड सांगतो. जिल्हा पातळीवरच्या सामन्यांत हे कार्ड क्वचितच निघते. परिणामी चेंडूसमोर आडवे उभे राहणे हा बचावाचा हक्कच आहे, असा समज खेळाडूंत रुजला आहे. तो आपल्या नरमाईने रुजवला आहे.

तिसरा प्रश्न गोलरक्षकाचा. तो तयार नव्हता, ही तक्रार भावनेच्या पातळीवर समजण्यासारखी आहे. पण फ्री किकच्या वेळी गोलरक्षक तयार असलाच पाहिजे, असे नियमात कुठेही नाही. फाउल करून खेळ थांबवणाऱ्या संघाला सावरायला हक्काचा वेळ मिळू लागला, तर फाउल करणेच फायद्याचे ठरेल. झटपट फ्री किकची मुभा नेमकी त्यासाठी आहे. २०१९ मध्ये नियमकर्त्यांनी ती आणखी एक पाऊल पुढे नेली. फाउल करणाऱ्याला कार्ड द्यायचे पंचाने मनात ठरवले असले, तरी कार्डाची प्रक्रिया सुरू झालेली नसेल आणि झटपट किकमधून गोलची स्पष्ट संधी दिसत असेल, तर पंच खेळ चालू देऊ शकतो. कार्ड पुढच्या थांब्यावर दाखवता येते.

आता चौथा प्रश्न, आणि तो सर्वांत महत्त्वाचा आहे. पंचाने भिंत मागे न्यायला सुरुवात केली होती की नव्हती? फ्री किकची व्यवहारात दोन रूपे आहेत. एक झटपट, जिच्यात पंच बाजूला होतो. दुसरी शिट्टीवरची, जिच्यात पंच जागा दाखवतो, भिंत मागे नेतो, स्प्रेने रेघ ओढतो आणि मग शिट्टी देतो. पहिल्या रूपातून दुसऱ्यात जाता येते. दुसऱ्यातून पहिल्यात परतता येत नाही. पंचाने एकदा व्यवस्था हाती घेतली की शिट्टीशिवाय किक घेणे चुकीचे. कंठीरवावरचा सगळा वाद या एका धाग्यावर लटकला होता. छेत्रीने सामन्यानंतर सांगितले की आपल्याला भिंत नको आणि शिट्टीही नको, हे त्याने पंचांना आधीच सांगितले होते. केरळच्या बाजूचे म्हणणे असे, की मधल्या वेळात किक शिट्टीवरचीच होणार असे सगळ्यांना वाटत होते. त्या वेळी लीगमध्ये व्हीएआर नव्हते. खेळाडू आणि पंच यांच्यात झालेले बोलणे बावीस खेळाडूंपैकी मोजक्यांनी ऐकले, स्टेडियममधल्या हजारोंपैकी कुणीच नाही.

असा प्रसंग भारतातच घडला असेही नाही. १२ डिसेंबर २००४ रोजी हायबरीवर आर्सेनल विरुद्ध चेल्सी सामन्यात पंच ग्रॅहम पोल यांनी थिएरी हेन्रीला झटपट किक घेण्याची मुभा दिली. पीटर चेक भिंत लावत होता आणि गोल झाला. फेब्रुवारी २००७ मध्ये चॅम्पियन्स लीगच्या लीलविरुद्धच्या सामन्यात मँचेस्टर युनायटेडच्या रायन गिग्जने अशीच किक घेऊन अखेरच्या मिनिटांत गोल केला. लीलचे खेळाडू संतापून मैदानाच्या कडेला निघाले, पण परत आले आणि सामना पूर्ण झाला. तिन्ही ठिकाणी तक्रारीचा गाभा एकच होता. पंचाने काय मान्य केले आहे, हे बचाव करणाऱ्या संघाला आणि पाहणाऱ्यांना कळले नाही.

आमचे म्हणणे इथे स्पष्टपणे मांडतो. नियम जाणणे हे पंचाचे अर्धे काम आहे. आपण कोणता नियम लावत आहोत, हे मैदानाच्या शेवटच्या टोकाला बसलेल्या माणसालाही दिसेल अशा रीतीने वागणे, हे उरलेले अर्धे. फ्री किक दिल्यावर पहिल्या दोन-तीन सेकंदांत पंचाने ठरवले पाहिजे: झटपट की शिट्टीवर. झटपट असेल, तर चेंडूपासून दूर व्हावे आणि बचावफळीशी कसलाही संवाद सुरू करू नये. शिट्टीवर असेल, तर शिट्टी हातात घेऊन डोक्याच्या उंचीवर धरावी, तिच्याकडे बोट दाखवावे, किक घेणाऱ्याकडे पाहून ‘शिट्टीवर’ असे मोठ्याने म्हणावे आणि मगच भिंतीकडे वळावे. ही खूण जुनीच आहे, प्रत्येक प्रशिक्षणवर्गात शिकवली जाते. पण ती केल्याशिवाय भिंत हलवणारे पंच आपण दर रविवारी पाहतो. भिंत हलवत असताना किक घेतली गेली आणि गोल झाला, तर तो नाकारून किक पुन्हा घ्यायला लावणे एवढाच मार्ग उरतो, आणि त्यातून दुसऱ्या बाजूचा संताप ओढवतो. एका खुणेने हे दोन्ही टळते. इनडायरेक्ट फ्री किकसाठी वर उचललेला हात जसा आपल्या अंगवळणी पडला आहे, तशीच ही खूण पडली पाहिजे.

प्रशिक्षकांकडेही आमचे मागणे आहे. सेट पीसच्या सरावात आपण भिंत कशी लावायची हे तासन्‌तास घोटतो, पण शिट्टी वाजल्यापासून भिंत लागेपर्यंतच्या काळाचा सराव जवळजवळ कुणीच घेत नाही. फाउल झाला की एका खेळाडूने चेंडूवर नजर ठेवून गोलच्या बाजूला राहायचे, नियमात बसेल अशा अंतरावर. गोलरक्षकाने पंचाची शिट्टीची खूण पाहिल्याशिवाय खांबाकडे जायचे नाही. कर्णधाराने पंचाला विचारायचे, ‘शिट्टीवर आहे ना?’ युरो २०२४ पासून निर्णयाबद्दल केवळ कर्णधाराने पंचाशी बोलावे ही शिस्त जगभर रुळते आहे. आपल्या संघांना ती आतापासून लावली तर हा प्रश्न विचारायला योग्य माणूस तयार असेल.

मैदान सोडण्याबद्दल दुमत असू नये. खेळाशी संबंधित वस्तुस्थितीबद्दल पंचाचा निर्णय अंतिम असतो, गोल झाला की नाही हेही त्यात आले. कंठीरवावर केरळकडे आणखी २४ मिनिटे होती. बरोबरीचा गोल करायला ती पुरेशी होती. लीलच्या खेळाडूंनी निदान खेळून पाहिले. संघ बाहेर नेणारा प्रशिक्षक आपल्या खेळाडूंची संधी स्वतःच्या हाताने संपवतो आणि गॅलरीतल्या रागाला रस्ता मोकळा करून देतो. तालीम आणि पेठेच्या नावावर जीव टाकणाऱ्या कोल्हापूरसारख्या शहरात त्याचे परिणाम मैदानापुरते राहत नाहीत, हे तिथल्या संघटकांना सांगायला नको.

उरला चाहता. जग कोणत्या दिशेने चालले आहे ते पाहा. २०२३ च्या महिला विश्वचषकात पंचांनी व्हीएआरचे निर्णय मायक्रोफोनवरून स्टेडियमला सांगितले. इंग्लंडमध्ये पंचांचे सामन्यातले संभाषण प्रेक्षकांना ऐकवून निर्णयांची उकल करणारा कार्यक्रम त्याच वर्षी सुरू झाला. आपल्याकडे त्यासाठी यंत्रणा नाही, पण इच्छा असेल तर काही गोष्टी आजही जमतील. जिल्हा संघटनांनी हंगामाच्या सुरुवातीला पंचांचा एक वर्ग चाहत्यांसाठी खुला ठेवावा. वादग्रस्त निर्णयानंतर पंचमंडळाने दुसऱ्या दिवशी चार ओळींचा खुलासा द्यावा: नियम कोणता, पंचाने काय पाहिले, निर्णय बरोबर होता की चुकला. चूक मान्य केल्याने पंचाची प्रतिष्ठा जात नाही. मौनामुळे संशय वाढतो आणि त्याचा भार पुढच्या रविवारी एखाद्या तरुण पंचाच्या खांद्यावर येतो. आपल्याकडे नव्या पंचांचा ओघ आधीच तोकडा आहे. शिव्या खात उभे राहायला कोण येईल?

नियमांवर भांडणारा चाहता हा खेळावर प्रेम करणारा माणूस आहे. त्याला गप्प बसवण्याऐवजी त्याच्या हातात नीट माहिती द्यावी आणि त्याच्या डोळ्यांपुढे स्पष्ट खूण ठेवावी. या अंकात शिट्टीच्या नियमांचा एक पानी तक्ता दिला आहे. तो पॅव्हेलियनच्या भिंतीवर लावा, कर्णधारांच्या बैठकीत वाचून दाखवा आणि या आठवड्याच्या सामन्यात पहिल्या फ्री किकपासून ती खूण करायला सुरुवात करा.