बर्फाचं सामान विकू नका, भाड्यानं द्या!



दिवाळी झाली की माझ्या दुकानात एक प्रश्न हमखास येतो. "ताई, नाताळच्या सुट्टीत मनालीला चाललोय. बर्फाचं काय काय घ्यावं लागेल?" आणि तुमच्यापैकी ज्यांना दुकान टाकायचंय, त्यांचा प्रश्न याचीच दुसरी बाजू असतो. "मॅडम, सगळे बर्फात चाललेत. जॅकेट, स्की, स्नोबोर्ड ठेवले तर चालतील का?"

दोघांना माझं उत्तर एकच आहे. जे वर्षातून सहा दिवस लागतं, ते विकत घेऊ नका. आणि जे गिऱ्हाईकानं विकत घेऊ नये, ते विकायला ठेवू नका.

हे शहाणपण मला बीबीएच्या पुस्तकातून आलेलं नाही. ६६ हजार रुपये आणि एक चांगलं गिऱ्हाईक घालवून आलंय. म्हणून आज जरा सविस्तर सांगते.

माझी चूक, आकड्यांसकट

माझं बॅगा, रेनकोट आणि प्रवासाच्या सामानाचं दुकान आहे. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल टनेल सुरू झालं. लॉकडाऊन उठल्यावर तर ज्याच्या त्याच्या मोबाइलवर सिस्सू आणि सोलांगचे व्हिडिओ. मला वाटलं, हीच संधी. नोव्हेंबर २०२१ मध्ये दिल्लीच्या एका व्यापाऱ्याकडून १ लाख ८० हजारांचा माल उचलला. परदेशी जॅकेट, गॉगल, हेल्मेट, सहा स्की सेट आणि दोन स्नोबोर्ड. दुकानात स्नोबोर्ड टांगला तेव्हा लोक आत येऊन फोटो काढायचे. फोटोच काढायचे!

रेनकोटचा माल माझ्याकडे दोन महिन्यांत संपतो, पैसा फिरून परत येतो. हा माल दोन वर्षं भिंतीवर बसला. जॅकेट थोडी गेली, स्की सेट एकच गेला. उरला १ लाख १२ हजारांचा माल. तो शेवटी मिळेल त्या भावात काढला, हातात आले ४६ हजार. इन्व्हेंटरी टर्नओव्हर मी कॉलेजात पाठ केला होता. समजला तो असा.

पण पैशांपेक्षा जो एक स्की सेट विकला गेला, तो मला जास्त लागला.

वाळूजच्या कंपनीत नोकरी करणारे एक दादा, शिक्षिका वहिनी आणि नऊ आणि सहा वर्षांची दोन मुलं. माझं जुनं गिऱ्हाईक. डिसेंबर २०२२ मध्ये मनालीला निघाले होते. दादा म्हणाले, "ताई, आपल्याला यातलं काही कळत नाही. तुम्ही सांगाल ते द्या." मी दिलं. चार जॅकेट, चार पँट, गॉगल आणि मोठ्या मुलाला स्की सेट. बिल झालं ३४,८००. त्या दिवशी गल्ला बघून मी खूश होते.

सोलांगला शिकवणाऱ्या माणसानं तो सेट हातात घेतला आणि बाजूला ठेवला. स्कीचा बूट पट्टीला धरून ठेवायला एक खटका असतो, त्याला बाइंडिंग म्हणतात. मूल पडलं की हा खटका सुटायला हवा. नाही सुटला, तर पाय पट्टीसकट पिरगळतो आणि गुडघा जातो. म्हणून तो मुलाचं वजन, उंची, बुटाच्या तळाची लांबी आणि त्याला किती येतं हे बघून लावून घ्यावा लागतो. मी तो लावलाच नव्हता. मला लावता येतच नव्हता. मुलगा भाड्याच्या स्कीवर शिकला आणि माझा सेट हॉटेलच्या खोलीत पडून राहिला. त्या माणसानं नीट बघितलं नसतं तर काय झालं असतं, हा विचार आजही मनात येतो.

पुढच्या नोव्हेंबरात वहिनी आल्या. मुलाच्या जॅकेटच्या बाह्या आखूड झाल्या होत्या. "परत घेता का, निम्म्यात तरी?" मी पाटीकडे बोट दाखवलं. 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही.' त्या काही बोलल्या नाहीत. नंतर दुकानात आल्या नाहीत.

गिऱ्हाईकाला मी आता काय सांगते

तुम्ही हा धंदा करा किंवा करू नका, घरच्यांना घेऊन बर्फात जाणार असाल तर हा भाग वहीत लिहून ठेवा.

*विकत घ्या:* अंगाला चिकटून राहणारं थर्मल, लोकरी मोजे, पाणी आत न घेणारे हातमोजे, कानटोपी, उन्हाचा चश्मा, सनस्क्रीन, ओठांचं मलम. हे अंगाला लागणारं सामान आहे आणि पुढेही कामाला येतं. बर्फावरून ऊन परत उसळतं, थंडीतही चेहरा भाजतो. चश्मा फोटोसाठी नाही, डोळ्यांसाठी आहे.

*भाड्यानं घ्या:* पाणी न झिरपणारं जॅकेट आणि पँट. जीन्सवर बर्फात जाऊ नका. सुती कापड पाणी धरतं, अर्ध्या तासात पाय गारठतात आणि मूल रडायला लागतं. आत थर्मल, मध्ये फ्लीस किंवा स्वेटर, बाहेर जॅकेट. एका जाड कोटापेक्षा हे तीन थर बरे.

*तिथेच घ्या:* स्की, स्की बूट, हेल्मेट. स्की बुटाचं माप पायाच्या लांबीवर सेंटिमीटरमध्ये असतं, नेहमीच्या चपलेच्या नंबरवर नाही. देशातल्या विमानात साधारण १५ किलो सामान मोफत नेता येतं. त्यात बूट, स्की कोंबले तर कपडे कुठे ठेवणार? आणि मुलांचे पाय वर्षात वाढतातच. अमेरिका, कॅनडात जिथे दर हिवाळ्यात लोक स्कीइंग करतात, तिथली दुकानंही लहान मुलांना अख्ख्या सीझनसाठी स्की भाड्यानं देतात. घरापाशी बर्फ असलेले लोक विकत घेत नाहीत आणि आपण जालना रोडवर राहून घ्यायचं?

सहलीचंही थोडं. डिसेंबरच्या शेवटी सोलांगला बर्फ असेलच असं नाही. खात्रीनं बर्फ हवा तर जानेवारीचा शेवट आणि फेब्रुवारी बरा. पण तेव्हा शाळा असते, हे घरात आधी बोलून घ्या. संभाजीनगरहून सचखंड एक्सप्रेसनं दिल्ली आणि पुढे रात्रीची बस, यात जाता-येता प्रत्येकी दोन दिवस धरा. गुलमर्गला जाणार असाल तर गंडोलाचं तिकीट आधी ऑनलाइन काढा. दुसरा टप्पा जवळजवळ ३,९५० मीटरवर नेतो, हवा विरळ असते. आजी-आजोबा किंवा अगदी लहान मूल सोबत असेल तर पहिल्या टप्प्यावर थांबा. आणि स्कीइंग 'करायचं' असेल तर फोटोपुरते दोन तास घालवू नका, दोन-तीन दिवस एकाच माणसाकडून शिका. मुलं मोठी असतील आणि खरंच आवड असेल तर मनालीच्या अटल बिहारी वाजपेयी पर्वतारोहण संस्थेचे किंवा औलीत गढवाल मंडल विकास निगमचे कोर्स आहेत, त्यांची चौकशी करा.

"मग दुकानदारानं काय कमवायचं?"

हा प्रश्न येणारच. उत्तर आपल्या डोळ्यांसमोर आहे. लग्नाला शेरवानी आपण भाड्यानं आणतो. मंडप, खुर्च्या, भांडी भाड्यानं आणतो. एक दिवस लागणारी वस्तू विकत घ्यायची नसते, हे आपल्या माणसाला कुणी शिकवावं लागत नाही. बर्फाचे कपडे त्यातलेच.

नोव्हेंबर २०२३ मध्ये मी १२ सेट घेऊन सुरुवात केली. हिशोब असा:

- एक सेट म्हणजे जॅकेट आणि पँट, करासकट ५,००० रुपये. १२ सेटचे ६०,०००.
- एका सहलीचं भाडं ९००, दहा दिवसांपर्यंत. डिपॉझिट २,०००, परत देण्याचं.
- धुलाईला १५०. हातात उरतात ७५०.
- म्हणजे एक सेट सात वेळा बाहेर गेला की त्याची किंमत निघाली.

पहिल्या वर्षी सगळे मिळून ५८ वेळा सेट गेले, ४३,५०० आले. दुसऱ्या वर्षी ८१ वेळा, ६०,७५०. चेन बदलणं, शिवण आणि दोन जॅकेट नव्यानं घेणं यात ९,००० गेले. दोन वर्षांत भांडवल फिटून ३५ हजारांच्या आसपास उरले आणि सेट अजून चालताहेत.

मी तुम्हाला लाखोंची स्वप्नं दाखवत नाहीये. ३५ हजारांत बंगला होत नाही. दुकानाचं भाडं, पोराचा पगार मी यात धरलेला नाही, कारण ते आधीपासून चालू होतं. म्हणून फक्त यासाठी दुकान टाकू नका. आधीच बॅगांचं, कपड्यांचं, शेरवानीचं दुकान असेल किंवा सहलींची बुकिंग करत असाल, तर जोडधंदा म्हणून करा. भाड्याला आलेलं गिऱ्हाईक थर्मल, मोजे, बॅग घेऊन जातं. खरी कमाई तिथे आहे.

कराचंही बघा. २२ सप्टेंबर २०२५ पासून २,५०० रुपयांपर्यंतच्या कपड्यावर ५ टक्के जीएसटी आणि त्यावरच्यावर १८ टक्के. चांगलं जॅकेट १८ टक्क्यांत जातं, खरेदीचा हिशोब तसाच करा. आणि भाड्यानं देणं ही सेवा आहे. फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा ४० लाखांची, सेवा आली की २० लाखांची. आपल्या सीएला आधी विचारा, नंतर नको.

तीन शंका

"दुसऱ्यानं घातलेलं कोण घालणार?" धुतलेलं असेल तर घालतात. मी प्रत्येक सेट गिऱ्हाईकासमोर पिशवीतून काढते, धुलाईची चिठ्ठी दाखवते. जॅकेट अंगाला थेट लागत नाही, आत थर्मल असतं, तेही समजावते.

"मनालीत रस्त्यावर स्वस्तात मिळतं की!" मिळतं. एका दिवसासाठी सोलांगला जाणार असाल तर तिथेच घ्या, हे मी स्वतः सांगते. पण मुक्काम चार-पाच दिवसांचा असेल, मुलं लहान असतील किंवा युरोपच्या टूरमध्ये बर्फाचा डोंगर असेल, तेव्हा मापाचा, स्वच्छ, घरून घालून बघितलेला सेट कामाला येतो. तेच माझं गिऱ्हाईक.

"बर्फच पडला नाही तर?" जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग कोरडं होतं, महिन्याच्या शेवटी कुठे बर्फ आला. एप्रिल २०२५ मध्ये पहलगामचा हल्ला झाला आणि काश्मीरच्या सहली धडाधड रद्द झाल्या. दोन्ही वेळी मी ॲडव्हान्सचा एकेक रुपया परत दिला. सेट कपाटात राहिले, पण ते खराब होत नाहीत. विक्रीचा माल असता तर व्यापाऱ्याची उधारी डोक्यावर असती. धोका दोन्हीकडे आहे. कपाटातला सेट मात्र पुढच्या सीझनला तेच भाडं आणतो.

शेवटचं

भाड्याचं काम सुरू केल्यावर मी वाळूजच्या त्या घरी फोन केला. दोन्ही मुलांची जॅकेट निम्म्या किमतीत परत घेतली आणि स्की सेटचे पूर्ण पैसे दिले. ती जॅकेट आजही भाड्यानं जातात. वहिनी परत दुकानात येऊ लागल्यात. पण आता काही घेताना किंमत दोनदा विचारतात आणि "हे खरंच लागतं का?" असंही विचारतात. त्यांचं बरोबर आहे.

"तुम्ही सांगाल ते द्या" असं गिऱ्हाईक म्हणतं, तेव्हा तो ऑर्डर देण्याचा क्षण नसतो. त्यानं आपल्या घरचा पैसा आणि मूल तुमच्या भरवशावर सोडलेलं असतं. त्या वेळी "हे घेऊ नका" म्हणता आलं पाहिजे. माझ्या मते छोट्या दुकानदाराकडे मोठ्या साखळी दुकानांपेक्षा जास्त असं एवढंच आहे. तिथे शेल्फवरचा माल कुणाला "घेऊ नका" म्हणत नाही.

आजचा गृहपाठ: तुमच्या दुकानातला सहा महिने न हललेला माल एका कागदावर लिहा. प्रत्येकापुढे लिहा, गिऱ्हाईकाला हे वर्षातून किती दिवस लागतं? दहापेक्षा कमी उत्तर आलं, तर तो माल भाड्यानं देता येईल का, याचा विचार आजच करा.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत धंदा करा, पण हिशोबानं!